एका गल्लीच्या नावाचा शोध

प्रस्तावना

एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नसली, तर आपण काय करतो? पूर्वी माणसे घरातील वडीलधाऱ्यांना विचारीत, गुरुजींकडे जात किंवा गावातील वाचनालयात जाऊन पुस्तक काढीत. आजची चौदा-पंधरा वर्षांची मुले-मुली बहुधा हातातील मोबाइललाच विचारतात. माहिती मिळवण्याच्या रीतीत पंचवीस-तीस वर्षांत झालेला हा बदल फार मोठा आहे. कोलकाता शहरातील बागबाजार या जुन्या वस्तीत एका गल्लीला मराठ्यांचे नाव आहे. त्या नावाचा शोध घेता घेता हा बदल आपण या पाठात समजून घेणार आहोत.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांसाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेकांना रोज वर्ग नसतो आणि शंका विचारायला शिक्षक जवळ नसतात. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून आपण शिकतो. अशा वेळी योग्य माहिती स्वतः शोधता येणे आणि ती पारखून घेता येणे हेच आपले मोठे बळ ठरते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• किशोरवयीन मुले तंत्रज्ञानाच्या साहाय्याने माहिती कशी शोधतात, हे सांगता येईल;
• मिळालेल्या माहितीची पारख करण्याच्या पायऱ्या स्पष्ट करता येतील;
• ‘माहिती’ आणि ‘ज्ञान’ यांतील फरक उदाहरणासह लिहिता येईल;
• शिक्षणाची साधने सर्वांना सारखी मिळतात का, यावर विचार मांडता येईल.

मूळ पाठ

१. बागबाजारातील एक नाव

कोलकात्याच्या उत्तर भागात हुगळी नदीच्या काठी बागबाजार वसलेला आहे. अरुंद गल्ल्या, जुनी घरे आणि नदीकडे उतरणारे घाट अशी ही वस्ती आहे. बंगालच्या इतिहासात तिचे नाव वारंवार येते. रसगुल्ल्यासाठी प्रसिद्धी पावलेले नवीनचंद्र दास हे याच भागातले. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना केली, तीही येथील बलराम बसू यांच्या घरी.

या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. ‘डिच’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ खंदक. म्हणजे ही ‘मराठा खंदकाची गल्ली’ झाली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, बंगाली वस्तीच्या मधोमध मराठ्यांचे नाव कसे आले? हा खंदक मराठ्यांनी खणला की त्यांच्यासाठी कोणी खणला? आज तो कोठे आहे? नकाशावर हे नाव पाहणाऱ्या नागपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला हा प्रश्न पडू शकतो आणि रोज त्याच गल्लीतून शाळेत जाणाऱ्या मुलालाही पडू शकतो. दोघे उत्तर कसे शोधतील, ते पाहू.

२. मुले माहिती कशी शोधतात?

बहुतेक मुले प्रथम मोबाइल हाती घेतील. शोधयंत्रात प्रश्न टंकित करण्याऐवजी काही जण तो बोलूनच विचारतील. मग समोर आलेल्या यादीतील लांबलचक लेख बाजूला ठेवून एखादी चित्रफीत उघडतील. याला आळस म्हणणे योग्य नाही. चित्रफितीत चित्र, आवाज आणि हालचाल एकत्र येतात. न कळलेला भाग पुन्हा पाहता येतो, मध्येच थांबवता येतो आणि आपल्या गतीने शिकता येते. वर्गात एकच शंका तीनदा विचारण्याचा संकोच वाटतो, चित्रफितीपुढे तो वाटत नाही. वाचनाचा सराव कमी असणाऱ्यालाही तिचा आधार होतो.

मुलांची दुसरी आवड म्हणजे सोबत्यांना विचारणे. गणिताच्या अडलेल्या उदाहरणाचे छायाचित्र काढून ते मित्रांच्या गटाला पाठवले की काही मिनिटांत उत्तर येते. तिसरी गोष्ट अशी की, मुलांना माहिती लहान लहान तुकड्यांत आणि गरज पडेल तेव्हा हवी असते. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत आलेले क्यूआर कोड या आवडीला धरूनच आहेत. पुस्तकातील काळ्या-पांढऱ्या चौकोनावर मोबाइल धरला की त्या धड्याचे दृकश्राव्य साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग प्रथम केला. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

२०२२ च्या अखेरीपासून यात आणखी एका साधनाची भर पडली. प्रश्न विचारताच संपूर्ण वाक्यांत उत्तर रचून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादक सर्वांना वापरता येऊ लागले. दहा पाने चाळण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. परंतु हे साधन शब्द जुळवून उत्तर रचते आणि ठामपणे सांगितलेले ते उत्तर कधी कधी चुकीचे असते, हे विसरता येत नाही.

‘प्रथम’ या संस्थेने २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात केलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनविषयी प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. आदल्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित काही कामासाठी तो वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी सांगितले. साधन हाताशी आले, म्हणजे त्याचा उपयोग शिकण्यासाठीच होईल असे नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

३. पहिले उत्तर आणि पुरे उत्तर

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. ‘मराठा डिच’ असे शोधल्यावर क्षणार्धात उत्तर मिळते, ते असे : मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बचाव करण्यासाठी अठराव्या शतकात कोलकात्याभोवती खंदक खणला गेला. उत्तर बरोबर आहे. अनेक जण येथेच थांबतात. मात्र जो पुढे जातो, त्याला या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे ते कळते.

१७४२ मध्ये नागपूरचे रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वारी केली. बंगाल्यांनी त्यांना भास्कर पंडित म्हटले. त्या वेळी बंगालचा नवाब अलीवर्दी खान होता. मराठ्यांची मागणी चौथाईची होती. त्यांचे घोडदळ वर्धमान, मुर्शिदाबाद, हुगळी अशा भागांत पोहोचले. कोलकाता तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील वाढती वसाहत होती. घाबरलेल्या रहिवाशांनी कंपनीच्या संमतीने वसाहतीभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे सात मैलांचा खंदक खणण्याचा बेत होता, त्यापैकी सुमारे तीन मैल खणून झाले. पण मराठे कोलकात्यावर चालून आलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिले. पुढे खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड हा रस्ता झाला. आज त्या रस्त्याच्या दोन भागांना आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. खंदक गेला, पण बागबाजारातील गल्लीने त्याचे नाव जपले.

एवढी माहिती गोळा करताना शोधणाऱ्याला तीन अडचणी येतात. त्या समजून घेणे उपयोगाचे आहे.

पहिली अडचण शब्दांची. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘मराठा’ शब्दाचे स्पेलिंग आजच्याहून वेगळे असते, त्यात ‘टी’ हे अक्षर दोनदा येते. आजचे स्पेलिंग वापरून शोधणाऱ्याला ती पुस्तके सापडतीलच असे नाही. एकच गोष्ट दोन-तीन नावांनी आणि दोन-तीन भाषांत शोधावी लागते.

दुसरी अडचण तपशिलांतील विसंगतीची. खंदकाचे वर्ष काही ठिकाणी १७४२ दिले आहे, तर काही ठिकाणी १७४३. काही लेखांत तो कंपनीने खणला असे वाचावयास मिळते, तर काहींत रहिवाशांनी खणला असे. दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली की गोंधळून जाऊ नये. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणत्या आधारावर लिहिले, असे तीन प्रश्न विचारावेत. लेखकाचे नाव व आधार दिलेला लेख निनावी संदेशापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. मराठी वाचकाला यासाठी मराठी विश्वकोशासारखा ग्रंथ आता इंटरनेटवरही पाहता येतो. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडियाही उपलब्ध आहे. विकिपीडियावर कोणीही भर घालू शकतो, म्हणून तेथील माहिती वाचून तिच्या आधारापर्यंत जाणे इष्ट.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती म्हणजे दृष्टिकोनाची. मराठीत लिहिलेल्या अनेक लेखनांत या स्वाऱ्या पराक्रमाच्या म्हणून येतात. बंगालची आठवण मात्र वेगळी आहे. मराठा सैन्यात ज्याला घोडा व हत्यार सरकारकडून मिळे त्या स्वाराला ‘बारगीर’ म्हणत, तर स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्याला ‘शिलेदार’ म्हणत. या बारगीर शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले. बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आयांनी गायिलेल्या एका अंगाईगीतात हे बर्गी येतात, आणि सारा कसा भरावा ही शेतकऱ्याची चिंताही येते. त्याच शतकात गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्या दिवसांचे वर्णन केले. लुटलेली गावे आणि घरदार सोडून पळणारी माणसे त्यात आहेत. भास्कर पंडितांना १७४४ मध्ये अलीवर्दी खानाने भेटीला बोलावून दगाफटक्याने ठार केले, हेही तितकेच खरे आहे. १७५१ मध्ये तह होऊन हा संघर्ष थांबला.

आपल्या पूर्वजांचे नाव दुसऱ्या प्रांतातील मुलांना अंगाईतील भीती म्हणून ठाऊक असावे, हे वाचताना मराठी मनाला अवघडल्यासारखे होते. परंतु हे अवघडलेपण टाळून चालत नाही. मोबाइलचे एक वैशिष्ट्य असे की, आपण जे पूर्वी पाहिले त्याच प्रकारचे तो पुन्हा पुन्हा पुढे आणतो. पराक्रमाची एक चित्रफीत पाहिली की तशाच दहा समोर येतात. दुसऱ्या बाजूची गोष्ट आपणहून चालत येत नाही, ती मुद्दाम शोधावी लागते. नागपूरची विद्यार्थिनी आणि बागबाजारचा मुलगा यांनी आपापली उत्तरे एकमेकांना दाखवली, तर दोघांचाही इतिहास अधिक पूर्ण होईल.

४. भिंतीतील संगणक

मुलांच्या हाती साधन दिले, तर ती आपसूक शिकतात का? हा प्रश्न डॉ. सुगत मित्र यांना पडला. त्यांचा जन्म कोलकात्याचाच. जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात, एका झोपडपट्टीला लागून असलेल्या आपल्या कार्यालयाच्या भिंतीत खिडकी पाडून इंटरनेट जोडलेला संगणक बसवला. कोणी शिक्षक नव्हता, सूचनाही नव्हत्या. वस्तीतील मुले जमली, त्यांनी हाताळून पाहिले आणि थोड्याच दिवसांत संगणक चालवू लागली. एकाला जे कळले ते तो दुसऱ्याला दाखवी. ‘भिंतीतील छिद्र’ या नावाने हा प्रयोग जगभर गाजला.

या प्रयोगातून एक गोष्ट लक्षात आली. मुले एकेकटी शिकण्यापेक्षा घोळक्याने, एकमेकांना विचारत अधिक लवकर शिकतात. परंतु काही अभ्यासकांनी याची दुसरी बाजूही दाखवून दिली. अशा ठिकाणी बराच वेळ खेळ खेळण्यात जातो, मोठे मुलगे पुढे घुसतात, मुली मागे राहतात आणि देखभालीअभावी यंत्रे बंद पडतात. यंत्र चालवता येणे ही पहिली पायरी झाली. काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचे काय करावे, हे उमगण्यासाठी जाणत्या माणसाची सोबत लागतेच.

५. मोबाइल नव्हता तेव्हा

बागबाजारची मुले मोबाइल येण्यापूर्वी कोठे शोध घेत असतील? याच वस्तीत १८८३ मध्ये ‘बागबाजार रीडिंग लायब्ररी’ सुरू झाली. एकाने विकत घेतलेले पुस्तक एकालाच उपयोगी पडते, वाचनालयातील पुस्तक मात्र शेकडो हातांतून फिरते. आजच्या इंटरनेटचे मर्म त्या काळच्या वाचनालयातही होते, ते म्हणजे ज्ञान सर्वांसाठी खुले करणे. फरक एवढाच, की वाचनालयात ग्रंथपाल असे. कोणते पुस्तक जुने, कोणते भरवशाचे, हे तो सांगे. मोबाइलमध्ये ग्रंथपाल नाही. ते काम आता आपले आपणच करायचे आहे.

वाचनालयाचे दार उघडे असले, तरी त्या काळी मुलींची पावले तेथवर सहजासहजी पोहोचत नव्हती. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या भगिनी निवेदिता यांनी १३ नोव्हेंबर १८९८ रोजी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा सुरू केली. श्री शारदादेवींच्या हस्ते तिचा आरंभ झाला. कर्मठ घरांतील माणसे मुलींना बाहेर पाठवण्यास तयार नसत, म्हणून निवेदिता दारोदार जाऊन मुली मागत. वाचन-लेखनाबरोबर शिवण, चित्रकला आणि मातीकाम यांतून त्या शिकवत. हाताने करत करत शिकणे मुलींना आवडते, हे त्यांनी ओळखले होते. १९०३ मध्ये त्यांच्या सहकारी भगिनी ख्रिस्तीन यांनी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालवला. शाळेचे वय उलटून गेलेल्या, संसारात पडलेल्या त्या स्त्रिया दुपारच्या वेळी अक्षरे गिरवू लागल्या. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना त्या आपल्याच पूर्वसुरी वाटाव्यात.

६. साधन कोणाच्या हाती?

सव्वाशे वर्षांपूर्वी प्रश्न होता तो मुलींना घराचा उंबरठा ओलांडू देण्याचा. आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. ‘असर’च्या २०२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी झाली. ज्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण केवळ १९.८ टक्के होते. घरात फोन असतो, पण तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात असतो. मुलीच्या हाती तो काम आटोपल्यावर, थोड्या वेळासाठी आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली येतो. मार्च २०२० पासून महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा मोबाइल हाच वर्ग झाला होता. ज्या घरात एकच फोन आणि शिकणारी भावंडे तीन होती, तेथे कोणाचा वर्ग बुडाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

म्हणून तंत्रज्ञानाविषयी बोलताना दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. साधन योग्य रीतीने वापरण्याची शिस्त हवी आणि ते सर्वांच्या हाती पोहोचावे याची काळजीही हवी. स्वतःचा पासवर्ड, बँकेचा सांकेतिक क्रमांक किंवा खासगी छायाचित्रे कोणालाही न देण्याची सावधगिरी मुलांना शिकवावी. मात्र धोक्याच्या नावाखाली मुलींच्या हातून फोनच काढून घेणे म्हणजे त्यांच्यापुढे मिटवलेले दार पुन्हा लावून घेणे होय.

७. समारोप

बागबाजारच्या गल्लीचे नाव कळायला आपल्याला काही क्षण लागले. ते नाव का पडले, कोणी ते भीतीने उच्चारले, कोणी अभिमानाने सांगितले, हे समजण्यासाठी मात्र नकाशा पाहावा लागला, जुनी-नवी पुस्तके धुंडाळावी लागली आणि दुसऱ्या भाषेतील अंगाईकडेही कान द्यावा लागला. क्षणात मिळाली ती माहिती. शोधून, ताडून, दुसऱ्याचे ऐकून जे हाती आले ते ज्ञान. आजच्या मुलांना चित्रफीत आवडते, मित्रांना विचारणे आवडते, हातातील यंत्राशी बोलणे आवडते. या आवडींमधून त्यांची जिज्ञासाच प्रकट होते. मोठ्यांनी ती दडपून टाकू नये, तिला पुढचा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. ज्यांचे शिक्षण काही कारणाने मध्येच थांबले आणि जे आता पुन्हा शिकू लागले आहेत, त्यांनीही मुलांकडून मोबाइल वापरण्याची रीत शिकावी आणि आपल्या अनुभवातून आलेली पारख मुलांना द्यावी. अशा देवाणघेवाणीत दोघेही विद्यार्थी असतात आणि दोघेही शिक्षक.

शब्दार्थ

खंदक – संरक्षणासाठी खणलेला खोल चर
चौथाई – महसुलाचा चौथा हिस्सा, मराठे घेत असलेली खंडणी
बारगीर – सरकारी घोडा व हत्यार मिळालेला स्वार
सारा – जमिनीवरील कर
विसंगती – मेळ नसणे
दृष्टिकोन – पाहण्याची, विचार करण्याची पद्धत
जिज्ञासा – जाणून घेण्याची इच्छा
कर्मठ – रूढी काटेकोरपणे पाळणारा
पूर्वसुरी – त्याच वाटेने आधी गेलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठा खंदकाच्या रेषेवर पुढे कोणता रस्ता झाला?
(आ) ‘बर्गी’ हा बंगाली शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(इ) कालकाजी येथील प्रयोग कोणी केला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलांना चित्रफितीतून शिकणे का आवडते?
(आ) दोन ठिकाणी वेगवेगळी माहिती मिळाल्यास कोणते तीन प्रश्न विचारावेत?
(इ) वाचनालय आणि इंटरनेट यांतील एक साम्य व एक भेद सांगा.

३. सविस्तर उत्तर लिहा.
‘मुलींच्या हाती साधन नसणे म्हणजे शिक्षणाचे दार बंद असणे.’ पाठाच्या आधारे आणि स्वतःच्या अनुभवातून हे विधान स्पष्ट करा.

४. उपक्रम
तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या गल्लीचे, चौकाचे किंवा पाराचे नाव निवडा. ते नाव का पडले, हे प्रथम एखाद्या वृद्ध व्यक्तीला विचारा, नंतर वाचनालयात व मोबाइलवर शोधा. तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. ती कोठे जुळतात, कोठे जुळत नाहीत आणि तुम्हाला कोणते पटते, ते कारणांसह दहा ओळींत लिहा.